अख्खं किट घ्यायचं की नुसता मडगार्ड?

रविवारी दुपारी आम्ही जमतो ते विमानं-बोटींची छोटी मॉडेल्स बनवायला. वर्षाकाठी मॉडेल्स पुरी होतात दोन-तीन आणि किस्से मात्र पोतंभर! बायको म्हणते, "तुम्ही किस्सेच बनवता, मधेमधे गोंद लावता."

जागा म्हणजे बारामतीतल्या माझ्या फोटो फ्रेमच्या दुकानामागची खोली. माणसं चार. मी, दातांचे डॉक्टर, इंदापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या गायत्री मॅडम आणि लासुर्ण्याचे तात्या. तात्यांचा ऊस आहे. एकदा फोटोला फ्रेम करायला आले, टेबलावरचं वीतभर विमान बघून खुर्ची ओढून बसले, ते अजून उठलेले नाहीत. त्यांचा फोटोही अजून दुकानातच आहे!

आमचं कायमचं भांडण एकच. बाजारात प्लास्टिकचं साधं किट मिळतं. त्याला अपग्रेड सेट आणून जोडायचा, म्हणजे जास्त बारीक कामाची सीट, चाकं, दांडे असे सुटे भाग? की सगळं किटच रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घडवलेल्या राळेचं, घ्यायचं? रेझिनचं काम देखणं, पण प्रत्येक तुकडा घासा, धुवा आणि वाकडा निघाला तर सरळ करत बसा.

*

डॉक्टर अख्ख्या किटचे भक्त, मॅडम सुट्या भागांच्या.

एकदा मॅडमनी त्यांना बरोबर पेचात पकडलं. "डॉक्टर, एक दात किडला म्हणून तुम्ही पेशंटचे सगळे दात काढता का हो?"

आम्हाला वाटलं, आज निकाल लागला.

तेवढ्यात तात्यांनी तोंडात बोटं घातली आणि कवळी काढून टेबलावर ठेवली. बोळक्या तोंडानं म्हणाले, "मॅडम, हे बघा अख्खं किट! ह्यांनीच बसवलंय!"

*

मॅडमच्या सासूबाईंचं निराळंच. मॅडम फोनवर कुणाला तरी म्हणाल्या, "अहो, माझं रेझिन आज येतंय." सासूबाईंनी ऐकलं 'रेक्झिन'. सोफा फाटलेला होताच. त्यांनी शेजारणींना आवतण देऊन टाकलं, "संध्याकाळी या गं, नवं कव्हर येतंय."

कुरिअरवाला आला. बायकांच्या घोळक्यात पार्सल उघडलं. आत एक राखाडी रंगाची चिमुकली बोट!

सासूबाईंनी ती तळहातावर घेतली, सोफ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "जरा आखूडच आलं, नाही?"

आता बोटीच्या दोऱ्या त्याच बांधतात. मॅडमना गाठी जमत नाहीत!

*

रेझिनचा वाकडा भाग गरम पाण्यात धरला की मऊ पडतो, मग हळूच सरळ करता येतो. डॉक्टरांच्या विमानाचा पंख वाकडा निघाला. त्यांनी घरी गॅसवर पातेलं चढवलं आणि खिडकीशी सूचना वाचत उभे राहिले.

बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काय शिजतंय?"

डॉक्टर आपल्याच नादात. "पंख!"

हातातली पिशवी टाकून त्या धावत आत आल्या. "अहो, श्रावणात?"

*

आणि हा आबांचा.

आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. शेळगावला असतात. उभं आयुष्य ट्रॅक्टरनं ऊस वाहिला. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ट्रॅक्टर त्याआधीच विकलेला. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनीच म्हणतो. त्या दिवसभर त्यांच्याशी बोलत राहायच्या. आबा पत्र्याकडं बघत पडून असायचे.

एका रविवारी तात्या आले आणि कुणाची थट्टा न करता बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मला आबाचा ट्रॅक्टर करायचा हाय."

डॉक्टरांनी नेटवर शोधलं. त्याच ट्रॅक्टरचं अख्खं रेझिन किट मिळत होतं. हुबेहूब! मॅडमसुद्धा म्हणाल्या, "या वेळी डॉक्टरांचं बरोबर आहे."

तात्या ऐकेनात. "ते कंपनीचं झालं. आबाचा कंपनीचा राहिला हुता कुठं? सीट एकाची, बॉनेट दुसऱ्याचं. आन् लग्न झाल्या झाल्या डावा मडगार्ड काढून चांगला रुंद बसवून घेतलेला."

"रुंद कशाला?" मी विचारलं.

"आमी ल्हान हुतो. थोरल्याला कोण इचारतंय?"

मग साधं प्लास्टिकचं किट आणलं आणि वर सुटा सेट आणला. सीट मिळाली, बॉनेट मिळालं. पण तसला मडगार्ड कुठल्याच सेटमध्ये नव्हता. तो डॉक्टरांनी क्लिनिकमधल्या दात भरायच्या मसाल्यातून स्वतः घडवला. तात्या समोर बसून हातानं खरी रुंदी दाखवत होते, एक माणूस आरामात बसेल एवढी. "आनखी थोडा. व्हय, आता बरुबर!" डॉक्टर मसाला चढवत आणि घासत होते.

चौघंही शेळगावला गेलो. आबांना तक्क्याला टेकवून बसवलं होतं, वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. तात्यांनी ट्रॅक्टर आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी नजरसुद्धा खाली केली नाही.

तात्या त्यांच्या पायाशी बसले. "आबा, तुमचाच हाय. बघा की."

बाहेर कुणाची तरी विहिरीवरची मोटार चालू होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

मग आबांची मान खाली आली. डावा हात हलला. बोट बॉनेटवरून फिरलं, सीटवर आलं आणि तिथून सरकत डाव्या मडगार्डवर जाऊन थांबलं. त्यांनी वहिनींकडं बघितलं.

"बस."

इतक्या महिन्यांत पहिला शब्द! डॉक्टरांना वाटलं, आबा 'पुरे' म्हणतायत. ते ट्रॅक्टर उचलायला वाकले.

वहिनी तोवर उठल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "थांबा, चपला घालते."