फिफ्थ व्हीलर, आमची यूट आणि हिशेबाबाहेरचे साठ किलो

"आपली यूट साडेतीन हजार किलो ओढते." गेल्या वर्षी आमच्या घरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ईराचा पहिला शब्द 'आई'ऐवजी 'साडेतीन' असेल अशी मला धास्ती होती. यूट म्हणजे पुढे पाच माणसं आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. ती माझ्या नवऱ्याने, मंदारने, हौसेने घेतली आणि तीन वर्षं त्या हौद्यात फक्त बागेची माती आणली. मी कॅनबेराच्या गुंगालिन भागात राहते आणि एका सरकारी खात्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. समोरच्याने दिलेला आकडा चुकीचा आहे असं धरून चालण्याचाच मला पगार मिळतो. घरी आल्यावर ही सवय सुटत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कोविडच्या त्या पहिल्या वर्षात आम्हाला हे फिफ्थ व्हीलरचं खूळ कुठून सुचलं. तर त्याचं कारण आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या २०२०च्या फेब्रुवारीत ईराच्या जन्मासाठी आल्या. मेमध्ये परत जायचं होतं, पण विमानंच बंद झाली. पुण्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, एकटे राहिले. रोज व्हिडिओ कॉलवर ते स्वतः केलेली भाजी कढईसकट दाखवायचे आणि आई कढईपेक्षा मागचा पसारा जास्त बघायच्या. अडकलेल्यांसाठी अधूनमधून खास विमानं सुटत होती. त्यासाठी मी माझ्या ईमेलवरून आईंचं नाव नोंदवलं होतं. ऑगस्टमध्ये एक मेल आलाही, पण आम्ही तो वाचेपर्यंत जागा संपल्या. एव्हाना माझी बाळंतपणाची रजा संपली होती. मी बेडरूममध्ये मीटिंगला बसायचे आणि बाहेर ईराला आई सांभाळायच्या.

आई घराबाहेर पडल्या नाहीत त्याला सात महिने होत आले, तेव्हा मंदार म्हणाला, आईला समुद्र तरी दाखवू. मोटेलला आईंचा नकार होता, कारण परक्याचा संडास कोविडमध्ये कोण वापरणार. म्हणून मग चाकांवरचं स्वतःचं घर.

कॅरव्हॅन तुम्ही पाहिली असेल. ती गाडीच्या मागच्या गोळ्याला अडकते. फिफ्थ व्हीलरचं तसं नाही. तिचं नाक उंच असतं आणि ते थेट यूटच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर बसवलेल्या कपलिंगवर येऊन बसतं. त्या नाकात बेडरूम असते. वळताना ती शहाण्यासारखी मागे येते, वाऱ्याने डुलत नाही. पण तिच्या नाकाचा सगळा भार यूटच्या पाठीवर असतो, आणि हे विकणारा कोणी आपणहून सांगत नाही.

आमच्या विकणाऱ्याचं नाव कीथ. यासच्या पलीकडे त्याचं छोटं फार्म आहे आणि वय सत्तरीच्या पुढे. माणूस इतका गोड बोलायला लागला की मी लगेच सावध झाले. त्याने चहा दिला, स्कोन दिले, ईराला मेंढ्या दाखवल्या. मी मेंढ्यांकडे पाठ करून ट्रेलरभोवती फिरत होते. नाकाच्या डाव्या कोपऱ्याला ताजा रंग होता. वजनाच्या पत्र्याचे दोन स्क्रू जुने आणि दोन नवे होते. रिकामं वजन दोन हजार दीडशे, जास्तीत जास्त दोन हजार आठशे, असं पत्र्यावर कोरलेलं. मी विचारलं, रंग कशाला दिला? तो म्हणाला, गंज होता म्हणून. स्क्रू का बदलले? पडले म्हणून. इतकी सरळ उत्तरं देणारा माणूस मला आवडत नाही. त्या काळात लोकांनी कॅरव्हॅनवर अशी झडप घातली होती की मोडक्या पत्र्यालाही सोन्याचा भाव होता. मंदारला तर वाटत होतं की मी अजून एक प्रश्न विचारला तर कीथ विकायचाच नाही. घेतली एकदाची.

आता ज्यांना स्वतः हे करायचंय त्यांच्यासाठी. साडेतीन हजाराचा आकडा विसरा. यूट आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल याचा वेगळा आकडा गाडीच्या पुस्तकात बारीक अक्षरात असतो. आमचा पाच हजार आठशे. साडेतीन हजाराचा ट्रेलर लावला तर यूटला उरतात दोन हजार तीनशे, आणि यूट स्वतःच दोन हजार शंभरची. म्हणजे मंदार बसला, कपलिंग बसवलं की माझी जागा संपली. दुसरा आकडा एकट्या यूटचा. माणसं, सामान आणि ट्रेलरच्या नाकाचा भार धरून ती तीन हजार पन्नासच्या वर जाता कामा नये. साधारण ट्रेलरच्या वजनाचा पाचवा हिस्सा नाकावर येतो. आमचा पाचशे धरला. मी एक्सेल शीट केली. चौघांची वजनं, डिझेल, पाणी, गॅस, बाबागाडी, कुकर, कणीक, तांदूळ. मार्चमध्ये दुकानातली रिकामी फडताळं पाहिल्यापासून मी कणकेशिवाय कुठे जात नाही. बेरीज आली तीन हजार चाळीस. दहा किलो शिल्लक.

निघायच्या आदल्या दिवशी बारीकसारीक वस्तू तोलायला मी बॅगा उचलून मोजायचा तो हूकवाला काटा शोधला. प्रत्येक देशी घरात असतो तो. खणात नव्हता. मंदारने हरवला असणार असं मी धरलं. त्याच संध्याकाळी मंदारची कंबर धरली होती आणि कशाने ते तो नीट सांगत नव्हता. आईंना त्यांच्या सामानाचं विचारलं, तर म्हणाल्या, "माझं काय असणार? दोन ड्रेस आणि एक शाल." हे सगळं मला दिसत होतं. माझा संशय मात्र कीथच्या त्या ताज्या रंगावरच अडकून बसला होता.

पहिला दिवस. सकाळी आठला निघालो. मोनारो हायवे उत्तम आहे, पण ट्रेलर लावून ऐंशी-नव्वदच्या वर जाऊ नका, मागच्यांना चिडू द्या. आई मागे ईराच्या शेजारी पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. ऑक्टोबरची थंडी होती आणि दोन्ही बाजूंना पिवळट माळ. आमचा बेत असा की वाटेत सार्वजनिक वजनकाट्यावर थांबायचं. कारण पुढे ब्राऊन माउंटन आहे, म्हणजे आपल्या भाषेत सरळ घाट. वळणं अरुंद, उतार लांब, आणि ब्रेक तापले की देवाचा धावा. मंदारला वजनकाट्याचे पंचवीस डॉलर उधळपट्टी वाटत होते.

तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सगळे आत बसलेले असताना आधी फक्त यूटची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण जोडी. आम्ही यूट घेतली. खिडकीतल्या बाईने कागद दिला. तीन हजार शंभर.

म्हणजे माझ्या हिशेबापेक्षा साठ किलो जास्त आणि परवानगीपेक्षा पन्नास. मंदार म्हणाला, पन्नासने काय होतंय, चल. मी म्हटलं, उतारावर काय होतंय ते खाली पोचल्यावर कळून उपयोग नाही, मागे ईरा आहे. आणि मला खरं तर आनंदच झाला होता, कारण पाणी कुठे मुरतंय ते सापडलं असं मला वाटलं. ताजा रंग! नाकाच्या भिंतीत पाणी गेलंय, प्लायवूड भिजून जड झालंय आणि कीथने वरून रंग फासलाय. मी तिथूनच त्याला फोन लावला आणि नको तितक्या स्पष्टपणे हे सगळं ऐकवलं.

तो पूर्ण ऐकून घेऊन म्हणाला, "साठ लिटर पाणी भिंतीत असेल तर ते आत्ता तुझ्या बुटांवर गळत असेल. पलंगाखालचं कपाट बघितलंस का?"

नाकातल्या पलंगाची फळी उचलली की खाली कपाट आहे. ते मी मुद्दाम रिकामं ठेवलं होतं, कारण तिथलं सगळं वजन थेट यूटवर येतं. मी फळी उचलली. आत दोन मोठ्या बॅगा होत्या, दोरीने बांधलेल्या, वर मार्करने आईंचं नाव आणि पुण्याचा पत्ता. शेजारी एक छोटी केबिन बॅग, आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात आमचा हूकवाला काटा. तेवीस, तेवीस आणि सात. काटा न लावताही मला ते वजन माहीत होतं.

मी मंदारकडे बघितलं. तो कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता. आई खाली उतरून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू वजन केलं असतंस. मग या बॅगा घरी राहिल्या असत्या."

मी म्हटलं, विमानाचा मेल आला तर घरी जाऊन आणता आल्या असत्या की. त्यावर त्या म्हणाल्या की दीड दिवसात सिडनी गाठायची असते, तिथे घरी जायला वेळ कुठला. हे बरोबर होतं. पण त्या थांबल्या नाहीत.

"आणि मेल आल्याचं मला कळणार कधी, ते मला माहीत नाही ना," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "ऑगस्टात तो संध्याकाळी सातला आला होता. तुझा फोन ओट्यावर होता. तू वाचलास आणि उपडा ठेवलास. मला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलंस."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. दोन महिने मी कीथ, मंदार, जाहिराती, पत्रे, स्क्रू, सगळ्यांवर संशय घेत होते आणि या एका गोष्टीभोवती पाय न वाजवता फिरत होते. वर मी तुम्हाला लिहिलं की 'आम्ही तो वाचेपर्यंत जागा संपल्या'. तसं नाही. मी तो सातलाच वाचला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, डेकेअरमध्ये जागा नव्हती, आणि मी स्वतःला सांगितलं की उद्या सांगू, एका रात्रीने काय होतंय. अगदी मंदारच्या पन्नास किलोंसारखं. मला त्या क्षणी प्रचंड लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण दोन महिने हे माहीत असूनही आईंनी माझ्या मुलीला न्हाऊमाखू घातलं होतं, मला रोज ताट वाढून दिलं होतं आणि एक अक्षर बोलल्या नव्हत्या. फक्त बॅगा भरल्या होत्या.

"खरं आहे, आई," मी म्हटलं. "चूक माझी आहे." त्या "बरं" म्हणाल्या आणि ईराला घ्यायला वळल्या.

बॅगा मंदारने आणि मी मिळून खाली आणल्या आणि ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर, स्वयंपाकघराच्या मधोमध जमिनीवर ठेवल्या. पट्ट्याने आवळल्या. पुन्हा काट्यावर गेलो. तीन हजार चाळीस. (असे काटे वीस-वीस किलोंच्या टप्प्याने मोजतात, म्हणून त्रेपन्नचे साठ दिसले.) पूर्ण जोडी पाच हजार तीनशे, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. बाईने दुसऱ्या वेळचे पैसे घेतले नाहीत. घाट आम्ही खालच्या गिअरमध्ये, तीस-चाळीसच्या वेगाने उतरलो. मागे गाड्यांची रांग लागली, एकाने हॉर्न वाजवला. ब्रेक तापले नाहीत. खाली बेंबोकाला थांबून मंदारने चाकांना हात लावून पाहिला आणि पहिल्यांदाच कबूल केलं की पन्नास किलो जास्त घेऊन त्याला हे करायला आवडलं नसतं.

पुढचे तीन दिवस मेरिंबुलाला. पॉवर्ड साइट, म्हणजे वीजजोडणी असलेली जागा, चाळीस डॉलर रात्र, आगाऊ बुकिंग हवंच, कारण सीमा बंद असल्याने अख्खं राज्य तिथेच आलं होतं. ऑयस्टर प्रसिद्ध आहेत, आईंनी नुसते बघितले आणि पिठलं केलं. मागच्या उन्हाळ्यात जळालेल्या झाडांच्या काळ्या बुंध्यांना हिरवी पालवी फुटली होती, अगदी खोडाला चिकटून. आई त्यातल्या एकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. सकाळी त्या समुद्रात घोट्यापर्यंत गेल्या आणि बाबांना फोनवर लाटा दाखवल्या. बाबा म्हणाले, ते ठीक आहे, पण जिऱ्याचा डबा कुठला? आम्ही सगळे हसलो. आई थोड्या उशिरा हसल्या.

चहा करायचा तर बॅगा ओलांडून जावं लागायचं. पाणी प्यायचं, ईराचं दूध गरम करायचं, दार उघडायचं, तरी बॅगा ओलांडायच्या. दुसऱ्या दिवसापासून आई त्यातल्याच एकीवर बसून ईराला भरवायला लागल्या. कोणी त्या बाजूला करू या म्हणालं नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो. सामान उतरवायच्या आधी मी दोन कामं केली. कीथला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "नो वरीज. इतके लोक बघायला आले, पण वजनाची काळजी करणारी तू पहिलीच. तुलाच विकली याचं मला बरं वाटतंय." मग नोंदणीच्या यादीतला माझा ईमेल आणि नंबर काढून मी आईंचे घातले. मंदारने त्यांच्या फोनवर मेलसाठी मोठा आवाज लावून दिला. आईंनी दोनदा वाजवून खात्री केली, ते मला योग्यच वाटलं.

तर ट्रिप कशी झाली? यूट आणि फिफ्थ व्हीलरची जोडी जमली. शीट हवी असेल तर कमेंटमध्ये मागा, देईन. फक्त तिच्यात 'आईंच्या बॅगा, ५३' अशी एक ओळ नंतर घातलेली आहे, ती मी काढणार नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना दार उघडलं. आई कधीच मीटिंगमध्ये येत नसत. त्यांच्या हातात फोन होता आणि कडेवर ईरा. मेल त्यांनी आधीच वाचलेला होता हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तू वाच," त्या म्हणाल्या.

मी मीटिंग बंद केली आणि मोठ्याने वाचायला लागले. विमान शनिवारी, सिडनीहून, सामान तेवीस-तेवीस, उत्तर उद्या सकाळच्या आत. आई ऐकत होत्या. सगळं वाचून झाल्यावर मी मेल आल्याची वेळही वाचली. दोन सत्तावन्न. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते.