वाढत्या अंगाची सायकल

“वाढतं अंग हाय मॅडम तिचं. मोठीच द्या.”

कुही गावाहून आलेले रामदासजी हे तिसऱ्यांदा सांगत होते. त्यांची तेरा वर्षांची ईश्वरी सतरा इंची फ्रेमच्या माउंटन बाइकवर टांग टाकून, टाचा उचलून उभी होती. शाळेने तिला टेकडीवरच्या शर्यतीसाठी निवडलं होतं. आयुष्यातली पहिली गिअरची सायकल घ्यायला ती आली होती.

मी नागपुरात सायकल फिटर आहे. गिऱ्हाइकाच्या अंगाला बसेल अशी सायकल काढून देणं, हे माझं काम. निदान दुकानाच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय.

मी समजावलं. ही हार्डटेल. म्हणजे पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये दणका झेलणारं सस्पेन्शन, मागे काहीच नाही. मागचं चाक दगडावरून गेलं की दणका थेट कमरेत. म्हणून तिथे सीटवरून उठून पेडलवर उभं राहायचं, आणि तोल गेलाच तर दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे. त्यासाठी उभं राहिल्यावर आडव्या दांडीच्या वर चार बोटं जागा हवी. ईश्वरीला बोटभरही जागा नव्हती. ब्रेक धरायचा तर ती हँडलवर पालथीच पडत होती.

“मंग सीट खाली कर ना वं!” आमचे मालक गल्ल्यावरून ओरडले. तिच्या मापाची सायकल शेजारीच टांगलेली होती. पण ही मोठी सायकल दिवाळीपासून पडून होती आणि ती खपवायची होती.

“सीट खाली होते भाऊ. दांडी खाली होते का? हँडल जवळ येते का?”

“तू फिटिंग पाह्य. विकाचं मी पाहतो.”

मी रामदासजींकडे वळले. “पोरीले बूटही मोठे घेता का?”

“घेतो ना. समोर कापूस कोंबून देतो.”

काय बोलणार, कपाळ! आपल्याकडे फ्रॉक, युनिफॉर्म, बूट, सगळं वाढत्या अंगाचं. मी पाना खाली आपटला. मालकांनी स्वतःच पेडल कसून सायकल बाहेर काढली.

पंधरवड्यात बापलेक परत आले. ईश्वरीच्या हाताला प्लास्टर. सरावाच्या वेळी उतारावर बोटं ब्रेकपर्यंत पोचली नाहीत, पाय टेकायला गेली तर टेकले नाहीत. शर्यत गेली ती गेलीच.

“लहान द्या आता,” रामदासजी मान खाली घालून म्हणाले.

“वापरलेला माल वापस होत नाही,” मालक.

माझं टाळकंच सटकलं. “काहून होत नाही? सीट खाली कर म्हणत होते ना तुम्ही? आता हिचा हात लांब करून द्या! नाहीतर उद्यापासून पाना तुम्हीच धरा.”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी वळून बघायला लागली. मालकांनी गुपचूप लहान सायकल उतरवली. माझ्या रागाला भिऊन नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ईश्वरी तिच्यावर टांग टाकून उभी राहिली. दोन्ही तळवे जमिनीवर, दांडीच्या वर चार बोटं जागा. ती हसली. मग प्लास्टरकडे बघून म्हणाली, “ताई, हात बरा होईपर्यंत हे सायकल मले लहान तर नाही होणार ना?”

रामदासजी रस्त्याकडे बघू लागले. मला अजून संताप येतो, तो ह्या प्रश्नाचा. पोरं उद्या वाढतात हो. पण पडतात आजच्याच मापाने.