पेरूचे चार भाग

खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या घरी फळ कापायचा मान वडिलांचा. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. समोर आलेला प्रत्येक भाग मापून बघायचा आणि तीनपैकी एक शेरा मारायचा: पास, रिजेक्ट किंवा रीवर्क, म्हणजे पुन्हा नीट करून आणा. हेच शेरे ते घरीही मारत. आईच्या आमटीवर, माझ्या अक्षरावर, भावाच्या केसांवर. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन सुरी घेऊन बसायचे आणि एका पेरूचे चार भाग करायचे. इतके सारखे, की भांडायला जागाच नसायची. कुणी घरात नसलं तर त्याचा भाग जो हजर असेल त्याने खायचा, असा आमच्याकडचा नियम होता. भाऊ मैदानावरून उशिरा यावा म्हणून मी काय काय नवस बोलले असेन! त्या संध्याकाळींचा वास पेरूचा होता, आणि तो आठवला की आजही मला घरी जावंसं वाटतं.

पुढे आयटी आलं. भाऊ अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. आई वारली. मी हडपसरच्या एका कंपनीत लागले आणि जवळच फ्लॅट घेऊन एकटी राहू लागले. वडील दर रविवारी दोन बस बदलून यायचे. पिशवीत पेरू असायचा, तो माझ्या टेबलाशी बसून कापायचे. माणसं दोन, भाग चारच. मी भावाचा खायचे, ते आईचा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मग मला डायबेटिस निघाला. चाळिशीही गाठली नव्हती. मी घाबरले आणि एकदम टोक गाठलं. भात बंद, पोळी बंद, फळांकडे तर बघायचंही नाही. अंडी, पनीर, पालेभाज्या. साखर उतरली, वजन उतरलं, स्वभाव मात्र चढला. एका रविवारी वडिलांनी पेरू काढला तेव्हा मी फाडकन म्हणाले, "बाबा, मला मारायचंय का तुम्हाला?"

त्यांनी पेरू परत पिशवीत ठेवला. पुढच्या रविवारी पिशवी आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तेच आले नाहीत. फोनवर म्हणाले, "बसला गर्दी असते." जन्मभर त्याच गर्दीतून गेलेला माणूस हे सांगत होता. नंतर ते महिन्यातून एकदा यायचे, अर्धा-पाऊण तास टेकायचे. हातांचं काय करावं हे त्यांना कळायचं नाही. त्यांचं माझ्या घरातलं एकुलतं एक काम मी काढून घेतलं होतं. मला माझे रविवार परत हवे होते, पण मागायचे कोणत्या तोंडाने?

आठ महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थोडं फळ सुरू करून बघू. लहानसा अर्धा पेरू, सोबत मूठभर शेंगदाणे. दोन तासांनी बोट टोचून बघा. आकडा एकशे साठच्या आत राहायला हवा."

दवाखान्याच्या जिन्यातूनच मी फोन लावला. "बाबा, रविवारी पेरू आणाल?"

त्यांनी विचारलं, "पिकलेला की करकरीत?"

रविवारी नऊच्या ठोक्याला हजर. पेरू चांगला नारळाएवढा. त्यांनी सवयीने चार भाग केले आणि चहा ठेवायला उठले. मी शहाण्यासारखा माझा एक भाग घेतला. पण आठ महिन्यांनी तो वास, दाताखाली ते बियांचं वाजणं! मी भावाचाही खाल्ला. आणि, सांगायला लाज वाटते, आईचाही. नियमच होता ना आमचा. शेंगदाणे वाटीत तसेच राहिले.

दोन तासांनी आकडा आला एकशे ब्याण्णव. मला रडूच फुटलं. आता फळ संपलं आणि रविवारही संपले, असं वाटलं. वडिलांनी चष्मा लावून यंत्र पाहिलं, मग बशी पाहिली. बशीत फक्त त्यांचा भाग उरला होता.

"तिघांचं एकटीनं खाल्लंस. यंत्र बिचारं काय करणार?"

"म्हणजे रिजेक्ट," मी नाक पुसत म्हणाले.

"रिजेक्ट कशाला? रीवर्क." आपला भाग कागदात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला आणि ते बस पकडायला गेले.

पुढच्या रविवारी पेरू लिंबाहून थोडाच मोठा होता. त्यांनी मधोमध सुरी चालवली आणि थांबले. आता दुसरा काप घेतील म्हणून मी बघत राहिले. त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. आमच्या घरात पहिल्यांदाच पेरूचे दोन भाग झाले होते. बराच वेळ कुणीच बशीला हात लावला नाही. मग मी माझा अर्धा शेंगदाण्यांबरोबर सावकाश खाल्ला.

दोन तास ते पेपर वाचत बसले. आकडा एकशे अडतीस.

"पास!" मी ओरडले. स्वतः बघितल्याशिवाय मानतील तर ते वडील कसले? त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मान हलवली आणि बशीतला आपला भाग उचलला. तो पार तपकिरी पडला होता.

"अहो बाबा, तेव्हाच खायचा ना. आता कसला लागणार तो?"

"मागच्या आठ महिन्यांत मीही पेरू खाल्लेला नाही, तिथे दोन तासांचं काय?" ते म्हणाले आणि खाऊ लागले.