अण्णांचा ओटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तांबरमच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय, आणि अजूनही वाटतंय की आधी गावाबद्दल थोडं सांगावं. चालेल ना?

कोवलमच्या पुढे, किनाऱ्यालगत आमचं ते लहानसं जुनं गाव. एक अरुंद गल्ली, तिच्या टोकाला समुद्र. प्रत्येक दारापुढे ओटा — तिकडे तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. मराठी घरं दोनच, आमचं आणि समोर अण्णांचं. खारा वारा सुटला की मी त्यांच्या ओट्यावर. शहरात, गिंडीला नोकरी लागल्यावरही शनिवारी बसमधून उतरलो की पाय आधी तिकडेच वळायचे. "या कलेक्टर!" अण्णा ओरडायचे. "पगारवाढ झाली, की आजही आमचीच कॉफी?" त्यांची बायको, आमची अक्का, आतून हसत पेला घेऊन यायची.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पुढे मी गाडी घेतली. अण्णांच्या ओट्यामुळे ती माझ्या फाटकात वळेना. त्याच सुमारास नगरपंचायतीनं गल्ली सुधारायला काढली — जुने ओटे वारसा म्हणून राखायचे, नंतर बांधलेले अतिक्रमण म्हणून पाडायचे. अण्णांनी मुलीच्या लग्नात ओट्याला लाल सिमेंट केलं होतं. तो नवाच दिसे. पंचायतीच्या इंजिनिअरनं मला बाजूला घेऊन विचारलं, हा ओटा कधीचा? समोर राहणारा, त्यांच्या घरातलाच म्हणावा असा माणूस — माझ्यावर कोण अविश्वास दाखवणार?

मी म्हणालो, "नंतरचा आहे. माझ्या लहानपणी नव्हता."

त्याच ओट्याला धरून मी चालायला शिकलो होतो.

अण्णा पंचायतीच्या कचेरीत गेले, मला सोबत घेऊन. ओटा आजोबांच्या वेळचा, म्हणाले. अधिकारी हसला. वडीलधाऱ्यांना तिकडे अय्या म्हणतात. "आम्ही चौकशी केलीय, अय्या. या वयात खोटं कशाला?" गल्लीतली माणसं बसली होती. अण्णा माझ्याकडे वळले. "तू सांग रे, तू तर तिथंच वाढलास."

आणि मी — मी काय म्हणालो असेन? "मला नीट आठवत नाही, अण्णा."

घरी आल्यावर त्यांनी माझ्यासमोरच अक्काला सांगितलं, "त्याला कुठलं आठवणार, पोर होता तेव्हा." माझीच बाजू घेतली त्यांनी.

ओटा एका सकाळीत गेला. गाडी वळू लागली. चहाच्या टपरीवर अण्णा दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय अय्या, हा वडा ताजा, की आजोबांच्या वेळचा?" सगळे हसायचे. एकदा मीही हसलो. मग अण्णा टपरीवर यायचेच थांबले.

आता अण्णा नाहीत. अक्का त्याच घरात आहे. खरं अण्णा बोलले होते, खोटं मी — हे त्या कचेरीत, अक्कासमोर आणि गल्लीसमोर उभं राहून सांगणं, एवढं माझं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.