ऐकण्याचं ‘हौ’

आमच्याकडे ‘हौ’ म्हणजे होय. पण मोठं माणूस बोलत असताना मधून मधून म्हणायचं ‘हौ’ वेगळं. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकून राह्यली, बोला. समुद्रपूरकडच्या या घरात लग्न होऊन आले, तेव्हापासून सासऱ्यांपुढे माझ्या तोंडून दुसरा शब्द फारसा निघाला नाही. मोठी सून गुणाची, असं सगळे म्हणत.

सहा वर्षांपूर्वी धाकट्या जावेचा भाऊ तिला न्यायला कारंज्याहून आला. दिरानं तिला तुरीच्या काडीनं मारलं होतं. मी स्वयंपाकघरातून पाहिलं होतं.

सासरे जावेच्या भावाला समजावत होते. “न्हाणीत शेवाळ होतं. पाय घसरला. मोठी सून घरीच होती.”

दाराआडून मी सवयीनं म्हणाले, “हौ जी.”

भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही सांगून राह्यल्या म्हणजे झालं.” मग बहिणीला म्हणाला, “पाहून चालत जाय ना वं.”

तो चप्पल घालेपर्यंत वेळ होता. ते ऐकण्याचं हौ होतं, एवढंच सांगायचं होतं मला. मी कप विसळत बसले. तो तिला न नेताच गेल्यावर दीर माझ्याकडे बघून हसला, “वहिनी आपली हाय.” त्या हसण्याची भीती मनात जी बसली, ती बसलीच. जाऊ त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची.

यंदा दिरानं माझ्यासमोर तिचा हात मोडला. या वेळी तिनं भावाला बोलावलं नाही. ओढणीत हात अडकवून एसटीनं एकटीच पोलीस ठाण्यात गेली, तिथून माहेरी. दुसऱ्या दिवशी पोलीस मॅडम आमच्या अंगणात खाटेवर येऊन बसल्या. सासऱ्यांनी सुरू केलं, “ओट्यावरून पडली जी ते...”

मॅडमनी मला विचारलं, “तुम्ही होत्या घरी?”

“हौ.”

दीर दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. “वहिनीले इचारा, मॅडम. त्या खोटं नाई बोलत.”

मी खांब धरला. “मारलं,” म्हणाले.

“ऐकू नाई आलं. मोठ्यानं सांगा,” मॅडम म्हणाल्या.

हे सगळ्यात वाईट होतं. पुन्हा म्हणायचं, तेही त्याच्यासमोर. “त्यानं मारलं. म्या पाह्यलं.”

खर्रा घोटायचा आवाज थांबला. माझा नवरा एवढंच म्हणाला, “आजच तोंड फुटलं का तुले?”

मॅडम गेल्यापासून मी खोलीला आतून कडी घालते. दीर आता हसत नाही, आणि तेही मला सोसवत नाही.

परवा जावेला फोन केला. पोलिसांना खरं सांगितलं, असं तिला म्हणाले. तिनं विचारलं,

“अन् न्हाणीचं?”

“तेबी सांगतो. कोणाले सांगू, सांग.”

“माह्या भावाले सांग,” ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात दिला.

“कोण बोलून राह्यलं?” त्यानं विचारलं.

फोन ठेवून द्यावा, असं वाटलं. मी कोण ते सांगितलं. मग म्हणाले, “भाऊ, त्या दिवशी न्हाणीत कोणी घसरलं नव्हतं.”