आमनं इमान

सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं लढाऊ विमान चौथऱ्यावर उभं होतं. कुठल्या लढाईतलं, कोण जाणे. आम्हाला ते वळण्यापुरतं उपयोगी. माय लग्न होऊन धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आली तेव्हा तिला पाट्या वाचता येत नव्हत्या. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच सांगितलं, विमान दिसलं की वळायचं. त्या भरवशावर तिने उभा जन्म काढला.

मग पुलाचं काम निघालं आणि विमान उचललं गेलं. मायचं डोकं नेमकं तेव्हाच दगा देऊ लागलं होतं. भाजी आणायला गेली की परतताना सरळ चालतच राहायची. विमानच नाही, तर बाई वळणार कशी? एकदा तिने एका पोलिसाला विचारलं, "भाऊ, आमनं इमान कोठे गयं?" आमच्या अहिराणीत विमानाचं इमान होतं. तो गुजराती माणूस म्हणाला, "माजी, ईमान तो हवे क्यांय रह्युं नथी." ईमान म्हणजे सचोटी, ती आता कुठेच उरली नाही, म्हणे. चौकशी करत त्यानेच तिला घरी आणून सोडलं आणि हसत हसत हे सांगितलं. मीही हसले. तो गेल्यावर दार लावून रडले.

विमान तिला एकदा दाखवावं, म्हणजे हे शोधणं थांबेल, असं माझ्या मनाने घेतलं. पालिकेच्या एका कचेरीने मला दुसरीकडे पिटाळलं. तिथला साहेब पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "भंगारात गेलं असेल." माझं टाळकंच सरकलं. माझा आवाज अख्ख्या कचेरीने ऐकला. शेवटी शिपाई जिन्यापर्यंत मागे आला आणि म्हणाला, कामरेजच्या वाटेवर गोदाम आहे, तिथे बघा.

मायला रिक्षात बसवून नेलं. मोडक्या बाकड्यांच्या आणि गंजक्या दिव्याच्या खांबांच्या मागे ते जमिनीवर पोट टेकून पडलं होतं, पंख काढून बाजूला ठेवलेले. वाटलं, ही आता आकांत करणार, नाहीतर ओळखणारच नाही.

तिने बरोबर ओळखलं. पदराने त्याच्या नाकावरची धूळ पुसली आणि विचारलं, "तुले बी घर सापडत नही का रे?"

तुले बी, म्हणाली ती. आणि आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो, की तिला स्वतःचं काही कळत नाही.