मी एकसारखं केलेलं गाव

रियाधला ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसात माझं काम कागदपत्रं सांभाळण्याचं. इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी फाईल परत येते. त्यामुळे अठरा वर्षांत मी एकच धर्म पाळला आहे: एक नाव, एक स्पेलिंग.

आमचे आयरिश साहेब निवृत्त होऊन गावी, बॅलीडफला, निघाले होते. गावाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी लेख लिहिला होता. "फक्त पानांचे क्रमांक घाल," म्हणाले. मी घातले, आणि पाहतो तर त्यांच्या स्वतःच्या गावाचं स्पेलिंग दर पानावर वेगळं. कुठे एकच एल, कुठे शेवटी ई, कुठे एफऐवजी व्ही. मला दया आली. वय झालं, म्हटलं. लेख न वाचताच सगळीकडे एकच स्पेलिंग करून टाकलं. त्यांना सांगितलंही नाही. गुपचूप उपकार करण्यात मला फार पुण्य वाटतं. जुनी प्रत चुकून कुणी वापरू नये म्हणून तीही डिलीट केली.

साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून लेख तसाच पाठवला. रविवारी चहा घेताना सांगू लागले: मूळ आयरिश नावाचा अर्थ काळं गाव. पुढे इंग्रज कारकून आले, ज्याच्या कानावर जसं पडलं तसं त्याने लिहिलं. साहेबांच्या वडिलांनी चर्चची दफ्तरं आणि जुने नकाशे धुंडाळून ती सगळी रूपं एका वहीत उतरवली होती. वडील आता नाहीत. लेख त्या वहीवरचाच. "गुरुवारी छापायला जातोय."

मी दोघांचे कप उचलून धुवायला नेले. संध्याकाळी चिपळूणला बायकोला फोन केला.

"अहो, इंग्रजाचं इंग्रजी सुधारायला गेलात?"

"आयरिश आहेत गं ते."

"मग तर जास्तच! जा, आधी सांगा त्यांना."

मंगळवारी सांगितलं, तेही माझ्या शाळेतल्या शिस्तीपासून सुरुवात करून. साहेबांनी फाईल उघडली आणि मोठ्याने वाचलं: "आधी हे नाव बॅलीडफ असं लिहीत. पुढे ते बदलून बॅलीडफ झालं. नकाशावाल्यांनी मात्र त्याचं बॅलीडफ केलं."

मग म्हणाले, "इंग्रजांना इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तू एका दुपारी केलंस."

मी माफी मागू लागलो. "खलास," 'पुरे' या अर्थाचा इथला अरबी शब्द वापरून ते म्हणाले, "खुर्ची ओढ." वडिलांची वही उघडून ते एकेक अक्षर सांगत गेले, मी टाइप करत गेलो. कॉम्प्युटर प्रत्येक नावाखाली लाल रेघ ओढत होता आणि माझं बोट आपोआप तिकडे सरकत होतं.

"हात लावू नकोस," वहीतून मान वर न काढता साहेब म्हणाले.

बुधवारी नवी फाईल गेली. बटण त्यांनी स्वतः दाबलं. तोवर मला कॉम्प्युटरपासून लांब, खिडकीपाशी उभं केलं होतं.